बिनआवाजाचा हीटर

सिल्वासात हीटर लागत नाही. दिवाळीनंतर दोन-अडीच महिने पंखा पाचावरून दोनावर येतो, एवढीच काय ती इथली थंडी. त्यामुळे मी गाडीत हीटर बसवायचं ठरवलंय हे ऐकल्यावर आमच्या कारखान्यातल्या मेन्टेनन्सच्या फिटरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, एसी म्हणायचंय का तुम्हाला?"

मला हीटरच म्हणायचं होतं. माझ्या बायकोला थायरॉइडचा त्रास आहे. भर एप्रिलमध्येसुद्धा तिचे तळपाय गार असतात. आणि नेमकं तिलाच हिमाचलला जाऊन बर्फ बघायचाय. लग्न झाल्यापासून ती हे म्हणतेय आणि मी "जाऊ, जाऊ" म्हणत आलोय. आधी नाशिकची नोकरी, मग इथली, मग मुलीचं शिक्षण. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा माझ्याकडच्या सबबी संपल्या. हॉटेलातल्या दमट गाद्यांवर ती झोपणार नाही, म्हणून मी एक जुनी छोटी व्हॅन घेतली. पूर्वी ती कुठल्याशा कारखान्यातल्या माणसांना पाळीला ने-आण करायची. आतल्या सीटा काढल्या, पत्र्याला आतून फोम लावला, त्यावर प्लायवूड ठोकलं. एक रुंद फळी बसवली, ती दिवसा बाक आणि रात्री पलंग. कोपऱ्यात एक शेगडी आणि पाण्याचा कॅन. दोन माणसं झोपली की तिसऱ्याला पाय ठेवायला जागा नाही. वर्षभराचे रविवार त्यात गेले.

हीटर बुटाच्या खोक्याएवढा होता. गाडीच्याच टाकीतून थेंबथेंब डिझेल ओढायचं, बंद डब्यात जाळायचं, धूर नळीवाटे गाडीच्या खालून बाहेर सोडायचा आणि आत फक्त गरम हवा द्यायची, असं ते यंत्र. पहिल्यांदा चालू केला तेव्हा ऊब छान आली, पण डिझेलचा छोटा पंप सारखा टिक टिक करत राहिला. माझा दिवस कारखान्यात धाग्याच्या मशीनांमध्ये जातो. तिथे बाजूच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. घरी आल्यावर मला कुकरची शिट्टीही नको असते. मी फिटरला म्हटलं, "आवाज बंद झाला पाहिजे."

तो धुळ्याकडचा, हाताने हुशार आणि मनाने हट्टी. त्याने पंप पत्र्यावरून काढून रबरी पट्ट्यांवर टांगला, हवेच्या नळीला एक सायलेन्सर बसवला, पंख्याच्या खाली फेल्टचा तुकडा दिला. तीन रविवार खपला. शेवटच्या रविवारी त्याने माझ्या बायकोला गाडीत बसवलं, दार लावलं आणि पाच मिनिटांनी विचारलं, "वहिनी, चालू आहे की बंद?"

ती म्हणाली, "बंद आहे ना?"

तो इतका खूश झाला की त्याने मला टाळी दिली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मीही तेवढाच खूश होतो. त्या हीटरमध्ये मला सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल, तर तो चालू आहे हे कुणालाच कळत नाही याचं.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

आमचा कारखाना राखोलीला, दमणगंगेच्या जवळ. मी तिथे प्रॉडक्शन बघतो. पॅकिंगचं काम शेवटच्या शेडमध्ये चालतं आणि त्या शेडचं मोठं शटर माल चढवायला कायम उघडं असतं. पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी नदीवरून जो वारा येतो तो थेट शटरमधून आत शिरतो. पॅकिंगला बहुतेक बायकाच आहेत. त्यांनी डिसेंबरात एक अर्ज दिला होता. शटरला जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा, म्हणजे ट्रकही येईल आणि वाराही अडेल, एवढीच मागणी. खाली सह्या आणि काही अंगठे. मी त्यावर लिहिलं, "पुढच्या वर्षी बघू." मला तसं लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. वरिष्ठांकडे कागद नेला असता तर कदाचित मंजूरही झाला असता. पण दोन महिन्यांची तर थंडी, असं मला वाटलं. सिल्वासात कुठे थंडी असते?

त्या अर्जावर पहिली सही जिची होती ती पॅकिंगमध्ये नऊ-दहा वर्षं काम करणारी बाई. तिला सगळे बेन म्हणायचे, मीही बेनच म्हणायचो. मूळची सुरंगीची. तिथे तिची आई एकटी राहते. ही कारखान्याजवळ भाड्याच्या खोलीत राहायची आणि सुट्टीच्या दिवशी आईकडे जायची. हिमाचलला निघण्याआधी एक रात्र कुठेतरी मोकळ्यावर गाडीत राहून बघावी, असं माझ्या मनात होतं. फिटरने ते कॅन्टीनमध्ये कुणाला तरी सांगितलं असावं, कारण एका दुपारी बेन माझ्या टेबलापाशी आली.

"साहेब, गाडी उभी करायला जागा पाहिजे ना? आमच्या सुरंगीला या. भात झोडून झालंय, खळं मोकळंच आहे. आई आहे तिथे. विहिरीचं पाणी चांगलं आहे."

मी जरा गडबडलो. महिनाभरापूर्वीच मी तिचा अर्ज परत केला होता. ती ते विसरली होती असं नाही. पण पाहुणा म्हणून बोलावणं ही तिच्या लेखी वेगळी गोष्ट होती. मी "बघतो" म्हणालो आणि शनिवारी दुपारी आम्ही निघालो. तिची त्या शनिवारी-रविवारी कामाची पाळी होती, त्यामुळे ती आली नाही. आईला निरोप दिलाय म्हणाली.

सुरंगी सिल्वासापासून फार लांब नाही, पण आत शिरलं की कारखाने मागे राहतात. घर एका उताराच्या टोकाला, एकटंच. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेलं खळं. म्हातारी वाटच बघत उभी होती. लहानखुरी, काटक, पायांत काही नाही. ती वारली बोली बोलायची. आम्हाला अर्धी कळायची, आमचं बोलणं तिला बहुतेक सगळं कळायचं. तिची वाक्यं मला जशीच्या तशी लिहिता येणार नाहीत, म्हणून माझ्या मराठीत लिहितोय.

ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. पत्र्यावर हात ठेवून म्हणाली, "यात झोपायचं?"

"हो, मावशी."

"लोखंडात?"

बायको हसली. तिने तिला आत बोलावून फळी दाखवली, शेगडी दाखवली, पडदे दाखवले. हीटर बाकाखाली होता. तो दाखवायचं राहिलं. त्या वेळी खरंच राहिलं, त्यात काही हेतू नव्हता.

दुपार छान गेली. बायको म्हातारीबरोबर विहिरीवर गेली, बांधावरच्या तुरीच्या शेंगा तोडून आली. मी खळ्यात खुर्ची टाकून बसलो. सूर्य डोंगरामागे गेला आणि हवा एकदम पालटली. शहरात ती पालटलेली कळत नाही. इथे पाच मिनिटांत शर्टाच्या बाह्या खाली करायला लागल्या, मग स्वेटर, मग कानटोपी. बायकोचे ओठ कोरडे पडायला लागले तसे आम्ही गाडीत शिरलो, दार लावलं आणि मी हीटरचं बटण दाबलं. दहा मिनिटांत आत मऊ ऊब भरली. बायकोने मोजे काढले. मला वाटतं, त्या क्षणी आम्ही दोघंही फार सुखात होतो. तिने तळपाय माझ्या हाताला लावून दाखवले, ते खरोखर गरम होते.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दार उघडलं तर म्हातारी उभी. हातात घमेलं, घमेल्यात निखारे. म्हणाली, "आत ठेवा. लोखंड गार होतं. बाईला थंडी सोसत नाही, तिने सांगितलं मला."

मी दारात असा उभा होतो की आतली ऊब तिच्यापर्यंत जाऊ नये. हे मला तेव्हाही जाणवलं होतं. दार जेमतेम उघडलं होतं आणि मी ती फट अंगाने भरून टाकली होती.

"नको मावशी, आत धूर होईल. बंद गाडीत निखारे ठेवणं चांगलं नाही."

हे खरं होतं. बंद गाडीत निखारे ठेवणं जिवावर बेततं. पण खरं बोलून लपवलेली गोष्टही लपवलेलीच असते. मागून बायको हळूच म्हणाली, "अहो, सांगा ना त्यांना."

मी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, याचा मी नंतर खूप विचार केला. हिला काय समजणार, ही भावना त्यात थोडी होती. उगाच मिरवल्यासारखं वाटेल, हेही होतं. पण मुख्य कारण वेगळं होतं आणि ते मला त्याच क्षणी स्वच्छ माहीत होतं. म्हातारीला सांगितलं की ते बेनला कळणार. बेनला कळलं की सोमवारी सगळ्या पॅकिंगला कळणार. साहेबाच्या गाडीत हीटर आहे. ज्या साहेबाने शटरला पडदा लावला नाही, त्याच्या गाडीत हीटर आहे. मला ते नको होतं.

म्हातारी घमेलं घेऊन परत गेली. मला वाटलं, सुटलो. पाचेक मिनिटांनी ती पुन्हा आली. या वेळी तिच्या डोक्यावर घडी केलेली गोधडी होती. जुन्या लुगड्यांची, जाड, बारीक टाके घातलेली.

"ही घ्या. ही धूर करत नाही," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

"अहो मावशी, आमच्याकडे आहेत पांघरुणं."

"मी बघितली. पातळ आहेत."

"तुम्हाला लागेल ना?"

"मला आहे. मला चूल आहे. तुम्ही पाहुणे."

मी आणखी एकदा नको म्हणालो. मग तिने गोधडी माझ्या हातात सरळ ठेवलीच. मी ती घेतली. दार लावल्यावर बायकोने माझ्याकडे बघितलं तेवढंच.

आत इतकं गरम होतं की रात्रीतून मला हीटर कमी करावा लागला. गोधडीला चुलीच्या धुराचा वास होता. अंगावर घ्यायची गरजच नव्हती. दाराच्या खालच्या फटीतून जराशी झुळूक येत होती, म्हणून मी ती गोधडी गुंडाळून त्या फटीशी लावून ठेवली. हे मी आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. एका बाईने आपल्या अंगावरची गोधडी काढून दिली होती आणि मी तिचं पायपुसणं केलं होतं. हीटर आपलं काम बिनबोभाट करत होता. बाहेरून पाहणाऱ्याला ती एक काळोखी, गार गाडी वाटली असेल.

सकाळी उजाडल्यावर मी दार उघडलं. खळ्यात धुकं होतं, गवतावर दव. म्हातारी घरापुढे शेकोटीशी उकिडवी बसली होती. पाठीवर गोणपाट ओढलेलं, त्याची दोन टोकं गळ्याशी मुठीत धरलेली. मला पाहून तिने विचारलं, "ऊब आली का?"

मी म्हणालो, "हो मावशी. तुमच्या गोधडीने छान झोप लागली."

तिचा चेहरा उजळला. अगदी उजळला. आपण दिलेली वस्तू कामाला आली की माणसाला होतो तसा आनंद तिला झाला. तिने तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आम्हाला कोरा चहा दिला. बायको गोधडी झटकून, घडी करून घरात ठेवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

परतीच्या रस्त्यावर सिल्वासाचे कारखाने दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "त्यांच्या घरात दुसरी गोधडी नाही."

"असेल कुठेतरी. पेटीत असेल."

"पेटी नाहीच घरात. एक बाज आहे. बाजेवर गोणपाटं आहेत. बाकी काही नाही."

मी गाडी चालवत राहिलो. ती म्हणाली, "त्या रात्रभर शेकोटीशी बसल्या असणार."

"म्हाताऱ्या माणसांना झोप कमीच असते," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. बायकोने खिडकीकडे तोंड केलं.

बुधवारी बेन माझ्याकडे आली. रजेचा अर्ज हातात. "साहेब, आठ दिवस पाहिजेत. आईला बरं नाय. खोकला भरलाय, ताप उतरत नाय."

"कधीपासून?"

"रविवारपासूनच. थंडी बाधली म्हणते."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. तिला काही माहीत असल्याचंही दिसत नव्हतं. मी तो अर्ज हातात धरून बसलो. त्या आठवड्यात एक मोठी ऑर्डर जायची होती, पॅकिंगला माणसं कमी होती. पण मी ऑर्डरचा विचार करत नव्हतो. आठ दिवस लगेच दिले तर हिला वाटेल, साहेब एरवी एवढा उदार नसतो, आज काय झालं? काहीतरी कळेल. माणूस किती खाली जाऊ शकतो याची मला तेव्हा कल्पना नव्हती. मी नेहमीचाच साहेब दिसावा म्हणून नेहमीसारखंच वागलो.

"आठ दिवस कसे देऊ, बेन? ऑर्डर आहे. दोन दिवस घ्या, मग बघू."

ती म्हणाली, "बरं साहेब." तिने वाद घातला नाही. तिने वाद घातला असता तर मी दिले असते, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

दोन दिवसांनी ती आली नाही, तिचा फोन आला. आईला सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात भरती केलंय. छातीत न्यूमोनिया झालाय. मी "रजेची काळजी करू नका" म्हणालो आणि फोन ठेवला. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती स्वयंपाक करत होती. तिने गॅस बंद केला, पातळ भात आणि मुगाचं वरण डब्यात भरलं आणि विचारलं, "येताय?"

मी गेलो. पण वॉर्डात गेलो नाही. बायको डबा घेऊन आत गेली आणि मी बाहेर आवारात गाड्यांमध्ये उभा राहिलो. पुढचे पाच दिवस ती रोज डबा घेऊन जात होती आणि मी रोज तिला सोडून आवारात उभा राहत होतो. एकदा बेन औषध आणायला बाहेर आली आणि तिने मला पाहिलं. "साहेब, आत या ना." मी म्हणालो, "नको, गर्दी नको पेशंटजवळ." तिला वाटलं, साहेबांचा मोठेपणा. ती वॉर्डातल्या शेजारच्या बायकांना सांगत होती म्हणे, आमच्या साहेबांच्या घरून डबा येतो. हे बायकोने मला सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, "मला हे सांगत जाऊ नकोस."

"सांगणार," ती म्हणाली. "मी तुमच्या वतीने डबे नेतेय. माझ्या वतीने तुम्ही एक काम करा. त्यांना खरं काय ते सांगा. मी सांगू शकते, पण ते तुम्ही सांगायला हवं."

म्हातारी बरी झाली. हे मी पुन्हा पुन्हा लिहू शकतो, इतका मला त्याचा आधार आहे. आठवड्याभरात ती घरी गेली. काटक शरीर होतं, डॉक्टरही तेच म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही सुरंगीला गेलो. व्हॅन घेऊनच गेलो. बरोबर दोन नवी ब्लँकेटं होती, पण ती आधी द्यायची नाहीत असं बायकोने बजावलं होतं. "आधी बोला. नाहीतर ब्लँकेटांमागे लपाल."

बेन घरीच होती. म्हातारी खळ्यात उन्हात बसली होती, अंगावर तीच गोधडी. चेहरा उतरलेला, पण आम्हाला पाहून उठायला लागली. मी तिला बसवलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. बेनला ते अवघड वाटलं. ती खुर्ची आणायला धावली, मी नको म्हणालो.

"मावशी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी आम्हाला थंडी वाजत नव्हती. गाडीत गरम हवेचं मशीन आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमची गोधडी आम्हाला लागत नव्हती. तरी मी घेतली."

बोलताना मी म्हातारीकडे बघत होतो, पण मला बाजूला उभ्या असलेल्या बेनचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत.

म्हातारीला नीट कळलं नसावं. तिने मुलीकडे पाहिलं. बेनने तिला त्यांच्या बोलीत सांगितलं. सांगायला दोनच वाक्यं लागली. म्हातारी मग माझ्याकडे बघत राहिली. मी रागाची वाट बघत होतो. राग आला असता तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "कुठे आहे? दाखव."

मी तिला हाताला धरून गाडीत चढवलं. बाकाखालचा हीटर दाखवला. चालू केला. भर दुपारी त्याची काही गरज नव्हती, तरी थोड्या वेळात जाळीतून गरम हवा यायला लागली. तिने तळहात जाळीसमोर धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग कान खाली नेला.

"हा बोलत नाही?"

"नाही. आवाज येत नाही त्याचा."

"मग मला कसं कळणार?" ती म्हणाली. जणू स्वतःचीच चूक शोधत होती आणि ती सापडत नव्हती. मग बाकावर टेकली, पाय जाळीपुढे केले. त्या पायांना भेगा होत्या. बराच वेळ ती तशीच बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला बोलवायचं होतं. मी पण बसले असते थोडा वेळ."

जागा नव्हती, असं म्हणता आलं असतं. पण आत्ता ती बसली होती आणि माझी बायकोही शेजारी बसली होती आणि मी दारात उभा होतो. तिघांना पुरेल एवढी जागा निघाली होती.

बेन बाहेरच उभी होती. मी खाली उतरलो तशी ती म्हणाली, "साहेब, मी दोन दिवस मागितले नव्हते. आठ मागितले होते."

"हो. माहीत आहे."

"तुम्हाला तेव्हा कळलं होतं ना, आईला कशाने झालं ते?"

खोटं बोलायची सवय इतकी लागलेली असते की तेव्हाही जिभेवर "नाही" आलं होतं. मी म्हणालो, "कळलं होतं."

ती विहिरीकडे गेली, पाणी ओढून आणलं, आम्हाला तांब्या दिला. मग चहाला चूल पेटवली. चहा झाला, आम्ही प्यालो. बायकोने ब्लँकेटं दिली. म्हातारीने ती हाताने चाचपून बघितली, चांगली आहेत म्हणाली. बेन त्यांच्याकडे बघतही नव्हती.

सोमवारी मी पडद्याचा नवा कागद करून वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी वाचलं, सही केली. दोन मिनिटांचं काम होतं. आठवड्यात शटरला जाड पट्ट्या लागल्या. पॅकिंगमधल्या एका बाईने मला येऊन "थँक यू साहेब" म्हटलं आणि मला तिथे उभं राहवेना. बेन तेव्हा खोक्यांवर पट्टी मारत होती. तिने मान वर केली नाही.

पुढे दोनेक महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली. किलवणीजवळच्या एका कारखान्यात तिला फक्त दिवसाची पाळी मिळाली होती आणि तिथून आईकडे रोज जाता येणार होतं, असं तिने अर्जात लिहिलं होतं. कागदावर सही घ्यायला ती आली तेव्हा मी विचारलं, "आई कशी आहे?"

"चांगली आहे. मोहाची फुलं वेचायला जाते आता पहाटेची."

"माझ्यामुळे सोडताय का, बेन?"

तिने जरा विचार केला. सौजन्य म्हणून लगेच "नाही" म्हणाली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

"तसं नाय साहेब," ती शेवटी म्हणाली. "पण तुमच्यासमोर रजा मागायला आता मला जमणार नाय."

तिने कागद घेतला, पिशवीत ठेवला आणि गेली.

मे महिन्यात आम्ही हिमाचलला जाऊन आलो. बायकोने बर्फ पाहिला, हातात घेतला, लहान मुलीसारखी हसली. एका घाटात गाडी उभी केली होती तेव्हा रस्त्याचं काम करणारी काही माणसं आडोशाला उभी होती, बिहारकडची असावीत. संध्याकाळ व्हायची होती. बायकोने मला काही विचारलं नाही. तिने गाडीचं सरकतं दार पूर्ण उघडलं आणि त्यांना हाक मारली. दोघं आले, बाकीचे लाजले. ते बाकाच्या कडेला बसले, हात चोळत राहिले. मी चहा ठेवला. माझं लक्ष सारखं उघड्या दाराकडे जात होतं, आतली ऊब बाहेर चालली होती. मी ते बायकोला बोलून दाखवलं नाही.